रजेच्या आड कोण

बिंबागू, उत्तर गोल्ड कोस्ट
२२ नोव्हेंबर १९३१

प्रिय मॉड,

तुझी दोन पत्रं एकाच टपालात आली. तुझा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. माझं ठीक चाललंय. वाळवंटाकडून कोरडा वारा सुटलाय, त्यामुळे ओठ फुटलेत, जेवणाच्या टेबलाची फळी तडकलीय आणि अलासान स्वयंपाकी शिंकत शिंकत सूप वाढतो. मी सूप सोडलंय.

दोन्ही पत्रांत तू विचारलंयस, रजेचं काय झालं म्हणून. पुन्हा नामंजूर. 'सरकारी कामाची निकड' म्हणे! इथे निकड कसली? दोन गावांचं विहिरीवरून भांडण आहे, ते माझ्या आधीच्या जिल्हा अधिकाऱ्याच्या वेळीही होतं आणि माझ्यानंतरही राहील. माझी दीड वर्षाची मुदत केव्हाच संपली. मग ती वाढवली, वाढवलेली संपली, आता पुन्हा वाढवलीय. प्रत्येक वाढीला डॉक्टरचा दाखला लागतो, की हा गृहस्थ अजून या हवेत तग धरेल. डॉ. गॅरोने मला कसं तपासलं सांगू? माझी जीभ पाहिली, माझी व्हिस्की प्याला आणि सही ठोकली.

मॉड, यात कुणाचा तरी हात आहे. मी उगाच कुणावर संशय घेणारा माणूस नाही, पण एकाच माणसाची रजा दोनदा अडते, तीही बोटी अर्ध्या रिकाम्या जात असताना, तेव्हा पाणी कुठेतरी मुरतंय.

आधी माझा संशय लेसीवर होता. लेसी म्हणजे माझा नवा सहायक, गुळगुळीत दाढीचा. पण तो कशाला माझी रजा अडवील? मी बोटीवर चढलो की माझी खुर्ची त्याची, हंगामी हुद्दाही त्याचा. इथे एकाची रजा ही दुसऱ्याची बढती असते. म्हणून तर आम्ही सगळे एकमेकांच्या तब्येतीवर डोळा ठेवून असतो. मी नुसता खोकलो तरी लेसीचा चेहरा खुलतो. "सर, तुम्ही फार ओढलेले दिसता. घरी जायला हवं तुम्ही." परवा तर माझ्याच बंगल्यात खिडक्यांची मापं घेताना सापडला.

"काय रे, पडदे शिवायला घेतलेस?"

"नाही सर, आपलं सहज."

नामंजुरी आली तेव्हा तो माझ्याहून जास्त रडवेला झाला. तेव्हा लेसी नाही.

अम्पोफोला, म्हणजे माझ्या हेडक्लार्कला, या सगळ्याची गंमत वाटते. म्हणतो, "साहेब, तुम्हा गोऱ्या लोकांना रजा घ्याच म्हणून बजावतात. आम्हाला आजी मेली तर मिळते, आणि मंजूर होईस्तोवर दुसरी आजी अंथरूण धरते." मग कागद सारखे करत म्हणाला, "वर कुणाशी बिनसलंय का तुमचं?"

"कुणाशी नाही."

"मग कुणाशी तरी फारच जमलेलं असणार."

हा माणूस थट्टा कधी करतो ते मला इतक्या काळात कळलेलं नाही.

राहता राहिला राजधानीतला, आक्राचा मेटलंड. रजेचे सगळे कागद त्याच्याच हातून जातात. पण तो तर आपला माणूस! तिकडे एडिथबरोबर तू पत्ते खेळतेस, तेव्हा सहज विचारून बघ ना, तिच्या नवऱ्याच्या मनात माझ्याविषयी काही आहे का. नाताळात तो इकडे पाहणीला येतोय. मी त्याला सोडणार नाही.

परसातली भिंत झाली का? तो शेजारचा टॉलिव्हर बांधून देणार होता ना? आधी तुझ्या प्रत्येक पत्रात टॉलिव्हर असायचा. टॉलिव्हरने पन्हळ नीट केली, टॉलिव्हरने मटार आणून दिले. हल्ली नसतो. गाव सोडून गेला की काय?

तुझा
ह्यूबर्ट


बिंबागू
३ जानेवारी १९३२

प्रिय मॉड,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. मोजे पोचले. टाचेत सैल आहेत, पण बुटात कोण बघतंय! नाताळ बरा गेला. केक टपालात चेपला होता, तरी लेसीने तीन तुकडे खाल्ले.

मेटलंड येऊन गेला. रविवारी जेवायला थांबला होता, लेसीही होता. रविवारचं आमचं ठरलेलं, शेंगदाण्याच्या रश्शातली कोंबडी, वर मिरची, आणि मग दुपारभर घोरणं. अलासानने हात सैल सोडून मिरची घातली होती. मेटलंडच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. हीच वेळ बरी म्हणून मी विचारलं, "माझ्या रजेवर कोण टपलंय, मेटलंड? नाव सांग."

तो घास तसाच धरून बघत राहिला. "टपलंय? अरे बाबा, आम्ही तर तुझ्यावर मेहेरबानी करत होतो!"

"मेहेरबानी?"

"तुलाच राहायचं होतं ना? मॉडने एडिथला सांगितलं, की बढतीच्या वेळी नजरेत भरावं म्हणून ह्यूबर्टला इथेच थांबायचंय, पण तोंड उघडून मागायला भिडस्त. एडिथने मला कळवलं. एकदा नव्हे, दोनदा. म्हणून मी निकडीचा शेरा मारला. मित्र कशाला असतो?"

लेसीने मान खाली घातली आणि भात कालवत बसला. त्याच्याइतका लवकर अर्थ कुणाला लागणार!

मी काय म्हणालो, ठाऊक आहे? मी म्हणालो, "हो हो, बोललो होतो खरा तिच्यापाशी. माझ्याच लक्षातून गेलं." आणि हसलो. मिरचीमुळे माझ्याही डोळ्यांत पाणी आलंय असं त्या दोघांना वाटलं असेल. वाटो.

तेव्हापासून तुझी जुनी पत्रं काढून वाचतोय. 'कधी येशील? घर खायला उठतं.' हे तू लिहिलंस त्याच आठवड्यात तू एडिथकडे गेली होतीस का? मला राग आलाय, मॉड. भयंकर राग आलाय. आणि रागाच्या खाली जे आहे ते लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो. मला भीती वाटते.

त्या माणसाचं नाव मी पुन्हा लिहीत नाही. तू ते लिहायचं थांबवलंस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. की मी मूर्ख आहे, त्याने फक्त भिंत बांधली, आणि तुला नुसता मीच नकोसा झालोय? दोन्हींतलं कुठलं बरं, हे ठरवता येत नाही.

मुदत आता आणखी वाढत नाही. पुढचा दाखला गॅरोलाही देता येणार नाही, कितीही व्हिस्की पाजली तरी. नियमाने मला ही वसाहत सोडावीच लागेल. लेसी खुशीत आहे. मला इथे सरकार राहू देत नाही आणि तिथे तू येऊ देत नाहीस. मेटलंडलाही उशिरा का होईना अर्थ लागला असावा, जाताना वरमून त्याने स्वतःच्या हाताने मंजुरी लिहून दिली. फेब्रुवारीतल्या बोटीने निघेन. या पत्राला उत्तर लिहू नकोस, ते मला वाटेत गाठणार नाही.

रजेवर जाताना तिकडचा पत्ता लिहून द्यावा लागतो, सरकारला माणूस हवा झाला तर सापडावा म्हणून. काल अम्पोफो कागद घेऊन समोर बसला. "पत्ता, साहेब?"

मी टाक उचलून पुसत बसलो.

"मागच्या वेळचाच ना?" त्याने इतक्या हळू विचारलं, की ही थट्टा नाही हे मला पहिल्यांदाच कळलं.

मॉड, मी तोच सांगितला. दुसरा मला ठाऊक नाही. त्या पत्त्यावर आता आणखी कुणी राहत असेल, तर मी पोचायच्या आत त्याची दुसरीकडे व्यवस्था कर.

किंवा माझी.

अजून तरी तुझाच,
ह्यूबर्ट