कपाटातला फोन

ईसाल्मी, १८ फेब्रुवारी

प्रिय तैमी,

बरी आहेस ना, असं विचारायची सोय नाही, तरी विचारते. बेकरीत सगळं चालू आहे. तुझ्या जागी आलेली मुलगी राय धान्याच्या पिठात हात घालताना असं तोंड करते की बघवत नाही. सगळे तुझी आठवण काढतात.

बातमी अशी की मालकांनी नियम बदलला. कामाच्या वेळी फोन कपाटात बंद, हे संपलं. घरी कुणी आजारी असेल त्याने फोन खिशात ठेवायचा, वाजला की काम सोडून बाहेर जायचं. पाळी बदलून मिळेल, तास कमी करून मिळतील. आणि पाळीची मुकादम म्हणून मी दर महिन्याला प्रत्येकाला समोर बसवून विचारायचं, "घरी कसं काय?" पहिल्या दिवशी कसंबसं विचारलं. म्हातारा कालेर्वो म्हणाला, "हेल्वी, तुला बरं नाहीये का?" वीस वर्षांत मी त्याला असलं काही विचारलंच नव्हतं.

तुलाही नव्हतं विचारलं. तुझ्या अर्व्होला विसरायला होतं, हे काय कुणी सांगायला हवं होतं? सपाता घालून बर्फातून तो बायकोला शोधत बेकरीच्या फाटकाशी आला, तेव्हा मी मान फिरवली. तुला लाज वाटू नये म्हणून, अशी माझी समजूत. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, हे आपल्याकडचं बाळकडू. तू दहा मिनिटं लवकर सोड म्हणायचीस, मी "जा" म्हणायचे आणि वर स्वतःला भली बाई समजायचे.

त्याच्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीला तू म्हणालीस, "मीच फोन कपाटात ठेवला. एला फोन करत होती आणि मी पाव भाजत होते." तुझी शेजारीण एला बिचारी कंबर मोडून अंथरुणात. खिडकीतून तिने त्याला बिनकोटाचा जाताना पाहिलं. तिने बोलावलेली मदतीची गाडी आली, पण तो जुन्या लाकूडगिरणीकडेच जातो, हे एकट्या तुला ठाऊक. ते तळ्याकाठी शोधत राहिले आणि तो गिरणीच्या पायरीवर गारठून गेला. हे तू सांगत होतीस आणि मी शेजारी बसून वेलदोड्याचा पाव चावत होते. तेव्हा बोलले नाही.

आता बोलते. त्या सकाळी मी हातमोजे बदलायला कपड्यांच्या खोलीत गेले होते. तुझ्या कपाटात फोन वाजत होता. थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी कपाटाच्या दारावर हात ठेवून उभी होते. तू वीस पावलांवर होतीस. मनात आलं, दुसऱ्याचा फोन, आपल्याला काय करायचंय. हातमोजे चढवले आणि गेले.

तैमी, नियम बेकरीचा होता, तू तो पाळलास. तुझं एवढंच. पुढचं माझं आहे, ते तू उगाच उरावर घेऊन बसली आहेस. मला माफ कर असं म्हणत नाही, मी तुझ्या जागी असते तर केलं नसतं. रविवारी मी घरीच आहे. यायचं असेल तर ये आणि वाट्टेल ते बोल. नाही आलीस तरी चालेल. पण तुझ्यामुळे तो गेला असं यापुढे कुणाला सांगू नकोस, स्वतःलाही नको.

फोन ऐकूनही गप्प राहिलेली,
हेल्वी