झोक्याची फळी, सहा तारा

२९ मार्च ९२, जळगाव
माळ्यावर फळी सापडली. जुना साग, दीड वीत रुंद, दगडासारखी. गिटारची मान आधीच आहे, ऑर्केस्ट्रावाल्यानं फेकलेल्या फुटक्या गिटारची. आता अंग मिळालं. आई दुपारी झोपली की करवत. कुणी विचारलं तर अभ्यास चालू. (बारावी, दुसरा प्रयत्न.)

५ एप्रिल
आई सहज बोलली, "आखाजीला अक्का येणार. लग्नानंतरची पहिली अक्षय्य तृतीया. माळ्यावरची झोक्याची फळी काढ, धुऊन ठेव."
चहा तसाच हातात. त्याच फळीतून गिटारची कंबर तर कापून झाली!
उलटी करून पाहिली. कडेला दोराच्या खाचा. मधे खिळ्यानं कोरलेलं 'सु'. सुमनअक्का, चौथीत असताना. इतके दिवस मला दिसलं कसं नाही.
आईला म्हटलं, धुतो.

७ एप्रिल
आखाजीपर्यंत वाजलीच पाहिजे. वाजली तर अक्का माफ करेल. नाही वाजली तर मी नुसता फळी कापणारा.
रंधा मारला. 'सु'वर हात होईना. ती बाजू मागे ठेवली.

१२ एप्रिल
रशीदचाचाच्या दुकानात. तो केळीवाल्यांच्या जळक्या मोटरींत नवी तार गुंडाळून भरतो. मला गिटारचा आवाज पकडणारी कॉइल भरायची होती. चाचा तार उजेडात धरून म्हणे, "बेटा, ये तार नहीं, बाल है." हँडल फिरवायचं, काटा वेढे मोजतो. तीनदा तुटली. एकदा माझ्या शिंकेनं. चौथ्यांदा पाच हजार पुरे.
कॉइलखाली लावायला चुंबकं शोकेसच्या दाराची काढली. दार आता आपोआप उघडतं. आई म्हणे का? मी म्हटलं हवा.

१९ एप्रिल
नानांच्या (वडिलांच्या) जुन्या रेडिओला मागे रेकॉर्ड प्लेअरसाठी दोन भोकं आहेत. त्यात गिटारची वायर खोचली. नुसतं घूंऽऽ. तारांवर हात ठेवला की गप्प, काढला की घूं. पळत चाचाकडे. न बघताच म्हणे, "अर्थिंग दिया क्या?"
तारा जिथे अडकतात त्या पत्र्याखालून अर्थिंगची वायर दिली. गप्प.
मग जाडी तार छेडली. मांडणीतल्या ताटल्या थरथरल्या. आई बाहेर आली, "नळाला मोटर कोणी लावली रे?"
सगळ्यात भारी दिवस.

२१ एप्रिल
शोध लागला. कॉइलला तोंड लावून बोललं की रेडिओ बोलतो.
नाना रेडिओवर बाजारभाव ऐकायला बसले. बटण मी आधीच रेकॉर्ड प्लेअरवर फिरवून ठेवलेलं. मागच्या खोलीतून: "जळगाव. आजचे भाव. केळी स्थिर. बारक्याला मोटरसायकल द्यावी असं ठरलं आहे."
नानांनी रेडिओला दोन चापट्या मारल्या. "याले बी बारक्यानी हवा लागनी."
चाचा म्हणतो वेढे सैल आहेत, वार्निशमध्ये बुडव, बोलणं बंद होईल. बुडवतो म्हटलं. आखाजीनंतर.

२ मे
अक्का आली, शिंदखेड्याहून पॅसेंजरनं. गिटार गादीखाली. कडुनिंबाला झोका बांधला, फळी खोक्याची. अक्का बसली, दोन हेलकावे, उतरली. फळीवर हात फिरवला.
"बारक्या, मनी फळी कोठे शे?"
"हीच की. धुतली म्हणून रंग गेला."
रात्री नानांनी तिला मोटरसायकल मागणाऱ्या रेडिओची गोष्ट सांगितली, तर ती रेडिओ सोडून माझ्याकडेच बघत होती.

५ मे, आखाजी
पुरणपोळी, आंब्याचा रस. मी, नाना पानावर, आई वाढतेय. कोपऱ्यातला रेडिओ एकदम घूं. मग अक्काचा आवाज. "हाई जळगाव शे. बारक्यानी मनी फळी कापी टाकी. गुन्हेगार पानावर बसेल शे."
नाना घास हातात धरून रेडिओकडे बघत. आई माझ्याकडे. नानांना मोटरसायकल आठवली, ते तोंडावरून कळलं.
अक्का मागच्या खोलीतून गिटार गळ्यात घालून आली, उलटी, 'सु' पुढे. "तुनी शे ना? वाजाड मंग."
झोक्याचं गाणं वाजवलं. तीन ठिकाणी चुकलो. तिथं तिथं ती मोठ्यानं गायली, म्हणून कळलं नाही. मग 'सु'वर अंगठा फिरवत बसली.
"हाई बरं कयं, खोडं नही."
सुटलो वाटलं.
"पन फळी मनी शे. जाताना लई जासू."
नाना म्हणे, फळी तिचीच, नेऊ दे तिला. आई हसली, मीपण. अक्का नाही.

९ मे
अक्का उद्या जाणार. वार्निशचा डबा आणलाय, पण खुंटीवर गिटार नाही. अक्काची वळकटी आली तेव्हा एवढी लांब नव्हती.
"अक्का, वळकटीत काय?"
"तुले काय करनं?"
"तुमच्याकडे रेडिओ आहे?"
"शे."
"मागे भोकं असलेला?"
"तू ये ना बघाले."
वळकटी सोडायला तिची दोरी दोनदा हातात घेतली. दोनदा ठेवली.
माळ्यावर चढून आलो. अजून एक फळी आहे. आईला विचारलं, ती कुणाची?
आई म्हणे, "का?"