विलायतेचा रिपोर्ट

सर, आज दुपारी शेवटच्या वर्षाची एक पोरगी फॉर्म घेऊन माझ्या केबिनमध्ये आली. परदेशातल्या दवाखान्यात सहा आठवडे काम शिकायला जायचं, जाण्याराहण्याचा खर्च तिकडची एक संस्था देणार, फक्त विभागप्रमुखाचं शिफारसपत्र पाहिजे. विभागप्रमुख म्हणजे आता मी. तुमच्याच खुर्चीत बसते, काय करणार! पोरगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण गेल्ता म्हणे विलायतेला. सांगा की जरा तिथलं." मी म्हणाले, उद्या ये, आता ओपीडी आहे. ओपीडी केव्हाच संपली होती. ती गेल्यावर मी दार लावून घेतलं, आणि तुम्हाला हे पत्र लिहायला बसले. आपल्या कॉलेजात असा फॉर्म माझ्यानंतर आज पहिल्यांदा आलाय. मधली सगळी वर्षं का आला नाही, हे फक्त मला माहीत आहे.

ते दुष्काळाचं साल. तुमच्या लातूरच्या घरी पंधरा-पंधरा दिवस नळाला पाणी नाही, आणि इथं नांदेडला दवाखान्यात टँकर आला की मावश्या बादल्या घेऊन धावतायत. ऑपरेशनच्या आधी हात धुतानाही तुमचा कायदा होता. मोठा डॉक्टर साबण चोळायला लागला की शेजारी उभा असेल त्यानं कोपरानं नळ बंद करायचा, आणि त्यानं मान हलवली की पुन्हा उघडायचा. एकदा माझ्याकडून राहिलं, तर सगळ्यांदेखत तुम्ही कडाडलात. "अगं ए, काय करून राहिलीस? तुझ्या बापाची विहीर हाय का इथं? वॉर्डात पेशंटला प्यायला न्हाई, अन् तू ओतून राहिलीस!" बापाची विहीर होती सर, अर्धापूरला, पण ती त्या साली आटली होती आणि केळी उभ्या उभ्या वाळत होत्या. त्या दिवसापासून वाहतं पाणी दिसलं की माझं कोपर आपोआप उचललं जायचं.

तुम्ही मला निवडलं तेव्हा मी चक्क नको म्हणाले होते. म्हटलं, सर, पहिला नंबर त्याचा आहे, त्याला पाठवा. तो म्हणजे आमच्या वर्गातला, हदगावचा, सगळ्या विषयांत पहिला. तुम्ही चष्म्यावरून बघितलं. "त्यो पुढच्या साली जाईल. संस्थेनं लिहिलंय, पहिल्या लेकराचं नीट झालं तर दर साली एक घेऊ. आधी त्याला धाडलं तर त्यो तिकडंच ऱ्हाईल. तू लई भित्री हायस, तू वापस येतीस." ही माझी लायकी! मग तुम्ही दोन संध्याकाळी शब्दकोश घेऊन बसलात आणि शिफारसपत्र स्वतःच्या हातानं लिहिलंत. उदगीरच्या मराठी शाळेत शिकलेला माणूस, घरात अर्धं बोलणं कानडीत, इंग्रजीला तुम्ही कायम जरा बिचकायचात. निघताना तुमचा लोकरीचा कोट दिलात, डांबरगोळ्यांच्या वासाचा, बाह्या माझ्या बोटांच्याही खाली येत होत्या. "घाल. थंडीनं मेलीस तर मलाच लिहावं लागंल तुझ्या बापाला." मी हसले, पण विमानात बसेपर्यंत मला दोनदा उलटी झाली होती.

तिथं पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन थिएटरमध्ये मला आत घेतलं. पेशंटला भूल दिलेली, मोठे सर्जन हात धुतायत, मी त्यांच्या बाजूला. ते साबण चोळतायत, कुणाशी तरी गप्पा मारतायत, आणि नळ पूर्ण सुटलेला. धो धो पाणी, सर! मी मनात म्हणत होते, गप उभी राहा, तुझं काय जातंय? पण कोपर गेलंच. नळ बंद झाला, आणि माझी बाही त्यांच्या धुतलेल्या हाताला घासली. सगळे थांबले. ते पहिल्यापासून हात धुवायला लागले. तिथल्या सिस्टरनं मलाही सांगितलं, पुन्हा धुवा, पाच मिनिटं, नळ अजिबात बंद करायचा नाही. ती पाच मिनिटं मी रडत उभी होते. आपल्या वॉर्डाचं दिवसभराचं पाणी त्या बेसिनच्या भोकातून चाललंय असं वाटत होतं. नंतर चार दिवस मी ताप आल्याचं सांगून खोलीतच बसले. दारावर टकटक झाली की वाटायचं, आता हाकलून देतात, आता सरांना फोन करतात. कुणी काही केलं नाही. उरलेले दिवस मी भिंतीला चिकटून काढले.

शेवटच्या दिवशी त्यांनी बंद पाकीट दिलं, तुमच्या नावाचं. आत रिपोर्ट, आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचा फॉर्म, त्यावर तुमची सही घेऊन परत पाठवायचा. हैदराबादहून बस पकडली. देगलूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा मला राहवलं नाही, फोडलं पाकीट. मधे एक ओळ होती: चार दिवस गैरहजर, स्वभावानं फार घाबरट, धीर द्यावा लागेल. बास, एवढंच. आज मी विद्यार्थ्यांबद्दल याहून वाईट रोज लिहिते. पण तेव्हा डोळ्यांपुढे तुमचा चेहरा आला. नायगाव मागं पडलं, नांदेडचा पूल आला, आणि मी सगळे कागद फाडून खिडकीतून गोदावरीत टाकले. गोदावरीत पाणी कुठं होतं! तुकडे कोरड्या वाळूवर पडून राहिले. पुढं कितीतरी दिवस भीती, की कुणीतरी वेचून तुम्हाला आणून देईल.

तुम्हाला सांगितलं, रिपोर्ट पोस्टानं येणार आहे. तुम्ही वाट बघितली. रोज ऑफिसातल्या बाबूला विचारायचात, "आलं का रे काही?" दोन पत्रं टाकलीत, उत्तर नाही. त्यांना भरलेला फॉर्म हवा होता, तो मुदतीत मिळाला नाही, म्हणून तुमची पत्रं पोचायच्या आधीच त्यांनी दुसरं कॉलेज घेतलं असणार. हदगावचा तो पोरगा कधीच गेला नाही. तुम्ही मला हाक मारली की वाटायचं, आता विचारणार, आता विचारणार. तुम्ही विचारलं ते वेगळंच. एकदा वॉर्डातून येताना हळूच म्हणालात, "माझ्या इंग्रजीला हसले असतील गं ते. गावठी माणसाचं पत्र." आणि त्यानंतर तुम्ही कुठलंही पत्र स्वतः लिहिलं नाही, मला लिहायला सांगायचात, खाली नुसती सही. कितीतरी वेळा म्हणाले असते, सर, तसं नाही. पण मग पाकिटाचंही सांगावं लागलं असतं. उदगीरला तुमच्या लिंगायत रीतीनं तुम्हाला बसवून माती दिली, तेव्हा लोक बेलाची पानं टाकत होते, मीही टाकली. तेव्हाही भीती होतीच, मेलेल्या माणसाची काय भीती वाटायची ती!

उद्या पोरगी येईल, तिला सही देईन. ती विचारेल तिथलं, तर नळाचं सांगेन, पाकिटाचं सांगायचा धीर होईल की नाही, ठाऊक नाही. हे पत्र कुठं टाकणार, फायलीखाली ठेवते. पण एक सांगते, सर. तुमच्या इंग्रजीत काही चूक नव्हती. त्या रिपोर्टची पहिली ओळच तुमच्या पत्राबद्दल होती. इतकं मनापासून लिहिलेलं शिफारसपत्र आमच्याकडे क्वचितच येतं, आम्ही ते सगळ्यांना वाचून दाखवलं, असं लिहिलं होतं. ती ओळ मी फाडायच्या आधी दोनदा वाचली होती.