तीनदा लिहिलेलं ‘आज’

मुक्काम अष्टमी,
१७ जानेवारी १९९५

सगुणावहिनींना दिनानाथचा नमस्कार.

मालूबरोबर धाडलेल्या वालाच्या शेंगा पोचल्या. आमच्या हिनं लगेच उकडल्या. मी मात्र हे पत्र लिहायला बसलो.

मालू हुशार आहे. कासूहून गाडीनं माझ्या इंग्रजी पत्रव्यवहाराच्या क्लासला येते, एक दिवस चुकवत नाही. परवा ती नोकरीचा अर्ज तपासायला घेऊन आली. बाप कामाला होता त्याच कंपनीत. त्यात लिहिलं होतं, माझे वडील स्वतःच्या हलगर्जीपणामुळे वारले.

म्हटलं, “हे कशाला गो?”

“चौकशीच्या कागदात तसंच हाय ना काका? ते इचारतील, त्यापेक्षा आपणच लिवलेलं बरं. इंग्लिश बरोबर हाय ना?”

इंग्रजी बरोबर होतं. मी अर्ज ठेवून घेतला.

वहिनी, जगनच्या बाराव्याला तुम्ही मला विचारलं होतं, “भावजी, यांनी पाइप गळतो म्हणून कलवलंच नाय का वो?” मी म्हणालो, कागद साहेबांकडे आहेत. खोटं नव्हतं, पण मी तुम्हाला टाळलं. नऊ वर्षं टाळतोय.

तुम्हाला ठाऊक आहे, धाटावच्या कंपनीत कुणीही साहेबाला लिहायचं तर आधी माझ्या, टायपिस्टच्या, टेबलावर यायचं. चुकीचं इंग्रजी वर गेलं की मोठे साहेब मोठ्यानं वाचून हसायचे. जगनही आला. त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतल्या कागदावर दोनच गोष्टी होत्या: पाइप गळतोय, आणि आज या. ‘आज’ तीनदा लिहिलं होतं.

मला हसू आलं. म्हटलं, साहेबाला हुकूम सोडतोस काय? दोन ‘आज’ मी जास्तीचे म्हणून खोडले. तिसऱ्याच्या जागी ‘आपल्या सवडीनं’ घातलं. इंग्रजीत ते फार सभ्य दिसतं.

त्यानं विचारलं, “दिनाभाऊ, आज ऱ्हायला ना पण?”

“अरे, अर्थ तोच.”

“मंग तुला जास्त कलतंय,” म्हणाला आणि टाइप केलेल्या कागदावर सही करून शिफ्टवर गेला.

साहेबांना सवड झाली नाही. चौथ्या दिवशी पाइप फुटला.

पुढे चौकशीचा अहवालही इंग्रजी सुधारायला माझ्याकडेच आला. त्यात वाक्य होतं, कामगारानं धोका गंभीर मानला नाही. पुराव्याला माझंच सभ्य पत्र जोडलेलं. मी त्या वाक्यावर लाल पेन्सिल ठेवली. त्यात चूक नव्हती. नोकरी जाईल म्हणून घाबरलो आणि पुढच्या ओळीला गेलो.

तेव्हापासून कुणाचाही कागद तपासायला घेतला की जगन टेबलाशी येऊन उभा राहतो. रागावत नाही. “आज ऱ्हायला ना?” एवढंच विचारतो. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्याच्या हातचा तो कच्चा कागद मी जपून ठेवला होता. फाडायचं धाडस झालं नाही, दाखवायचंही नाही. सोबत जोडला आहे, मालूचा अर्जही. कंपनीलाही आज सकाळी मी सगळं लिहून पाठवलंय, माझ्या सहीनिशी.

तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र मालूच वाचत असणार.

मालू, थांबू नकोस, आईला शेवटपर्यंत वाचून दाखव. मग बापाचा कागद बघ. स्पेलिंगं चुकलीत, पण तो सुधारू नकोस. अर्जातलं ते वाक्य मात्र खोड. आज. आज. आज.

ज्यानं तुझ्या बापाचं म्हणणं खोडलं, तो
दिनानाथ