साजिदच्या ओळी

९ जुलै

सकाळी मेल आला. सुरुवात, "प्रिय साजिद". मला फक्त प्रत. वाचला, उठून पाणी प्यायले, परत वाचला.

लिहिणाऱ्याला माहीत नाही. कसं असणार. कुठल्याशा बर्फाच्या देशात बसून हा माणूस लिनक्स या संगणक प्रणालीच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, नेटवर्कचा भाग राखतो. जगभरातून लोक आपापले बदल, म्हणजे पॅच, मेलनं पाठवतात. त्याला पटलं तर आत, नाही तर परत. साजिदनं जूनच्या सुरुवातीला पाठवला होता. खाली स्वतःची सही, आणि मग मला फोन, "गेला बे पॅच." मला बे म्हणणारा तेवढा एकच. पुढच्या आठवड्यात जेवताना त्याच्या छातीत दुखायला लागलं. माजलगावहून बीडला आणेपर्यंत सगळं आटोपलं.

आणि आता त्याला प्रश्न विचारलेत. नम्रपणे, क्रमांक घालून.

११ जुलै

उत्तर पाठवलं. आधी पानभर लिहिलं होतं, ते पुसून तीन ओळी ठेवल्या. साजिद वारला. आम्ही एकत्र काम करत होतो. त्याचा पॅच मी पुढे नेईन.

यापुढे इथे सा. लिहीन. पूर्ण नाव लिहिलं की हात थांबतो.

१२ जुलै

बर्फवाल्या काकांचं उत्तर. (नाव आहे त्यांना, पण माझी जीभ वळत नाही.) वाईट वाटलं, घाई नाही, सवडीनं करा. एवढंच. कोरडं वाटलं, तरी दिवसभर अधूनमधून उघडून बघत होते.

आई भाकरी थापत होती. म्हणाली, त्या पोराचं असं काय काम होतं की परदेशातनं विचारपूस होते. सांगितलं: मशीनच्या दारात सतत माहितीची पॅकेटं येतात, लोंढाच्या लोंढा. प्रत्येकाला विचारायचं, तू कोण, कुठं निघालास. त्यासाठी कर्नलमध्ये एक तक्ता असतो, त्यात मोजक्या जागा. तक्ता भरला की ज्याची बराच वेळ कोणी चौकशी केली नाही त्याला उठवायचं आणि नव्याला बसवायचं. हे झटपट झालं नाही तर दारात तुंबतं. सा.नं ते कोणी केलं नसेल इतकं झटपट केलं होतं. एक उठला की त्याच जागेवर लगेच दुसरा.

"म्हंजी पंगत," आई म्हणाली.

हो, पंगत. मग तिनं मला ताटावर बसवलं. दोन घास कसेबसे गेले.

२६ जुलै

माजलगाव. सा.चा चाळिसावा दिवस.

चौसाळ्याहून बीड, बीडहून दुसरी एसटी. खाली त्याच्या अब्बांचं मोटार वाइंडिंगचं दुकान, शटर अर्धं ओढलेलं. त्याची बायको, नसरीनभाभी, आतल्या खोलीत. इद्दतीत आहे, म्हणजे नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, दुसऱ्या लग्नाचं बोलायचं नाही. मी बाई म्हणून आत जाता आलं. तिथे बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, मला भाभीशेजारी जागा करून दिली. सांत्वन कसं करायचं ते मला मुळीच येत नाही. पंखा जोरात करू का, असं काहीतरी विचारलं.

बायका जेवायला उठल्यावर भाभी हळूच म्हणाली, "ताई, त्यांनी ते पाठवलं व्हतं ना, त्यात नाव ऱ्हातं का?"

म्हटलं, राहतं. पॅच आत गेला की लिहिणाऱ्याचं नाव त्याच्या इतिहासात जातं. ते कोणी काढत नाही.

"मग त्यांचं ऱ्हाईल?"

"राहील."

एका दमात म्हणाले. तिनं माझा हात धरून ठेवला, आणि मला इतकं बरं वाटलं की आपण काय बोललो याचा विचार बीड येईपर्यंत केला नाही.

४ ऑगस्ट

चार प्रश्नांची उत्तरं दिली. किरकोळ होते. सा.च्या लिखाणात कुठेही फापटपसारा नाही, प्रत्येक ओळ जागच्या जागी. तो बोलताना मात्र वारं प्यायलेल्या वासरासारखा.

पाचवा प्रश्न राहिला. काका विचारतात: तुम्ही एकाला उठवून ती जागा दुसऱ्याला दिलीत, पण त्याच क्षणी दुसरा एखादा प्रोसेसर तिथली जुनी माहिती वाचत उभा असेल तर?

हे काय विचारणं झालं. सा.ला हे सुचलं नसेल?

९ ऑगस्ट

काकांशी वाजलं. मी लिहिलं, प्रत्येक प्रोसेसरला आपल्या जागांचा वेगळा गठ्ठा दिलाय, दुसऱ्याचा हात तिथे पोचत नाही, कृपया पॅच नीट वाचावा. "कृपया" घातलं तरी शिवी ती शिवीच.

उत्तर: "हात पोचत नाही. नजर पोचते."

तिडीक गेली डोक्यात. आईनं विचारलं, कावून तोंड पाडून बसलीस. म्हटलं, एका म्हाताऱ्याशी भांडतेय. ती म्हणाली, मेलेल्यापायी जित्त्याशी भांडू न्हाई. तिच्याशीही मग बोलले नाही.

१७ ऑगस्ट

चाचणी लावली. पुण्यातल्या कंपनीच्या मशीनवर, इथून. काकांना खोटं पाडायलाच लावली होती.

दुपारी सापडलं. पॅकेटनं एकाची माहिती मागितली होती, हातात दुसऱ्याची आली. मधल्या निमिषात जागा बदललेली. क्वचित होतं, पण झालं की एकाचं पॅकेट दुसऱ्याच्या दारात.

परत लावली. परत झालं.

सा. चुकला होता.

१८ ऑगस्ट

कर्नलमधला जुना नियम आहे. जागा रिकामी केली तरी लगेच कोणाला द्यायची नाही. आधीचं जे कोणी बघत असतील ते सगळे एकदा बघून बाजूला होईपर्यंत थांबायचं. मगच ती जागा मोकळी. हा नियम मला सा.नंच शिकवला, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, टेबलावर मीठदाण्या मांडून. आणि इथे मात्र त्यानं ठरवलं, आपलीच जागा आहे, आपणच देणार, मग थांबायचं कशाला. वेगाच्या नादात. शहाण्यानंच घाण करावी तशी केली.

जिवंत असता तर धरून भांडले असते. तासभर आरडाओरडा, मग चहा. ते भांडण माझ्याकडेच राहिलं आणि त्याचं काय करावं समजत नाही. आज खूप रडले. त्या चुकीसाठी रडले असं आईला कसं सांगू.

काकांना लिहिलं, तुमचं बरोबर आहे. त्यांनी लिहिलं, ही चूक मी स्वतः केली होती, फार वर्षांपूर्वी, म्हणून दिसली.

२ सप्टेंबर

वाटलं होतं, थांबण्याची एक ओळ घातली की झालं. तसं नाही. थांबायचं म्हटलं की उठवलेल्या जागा अडकून पडतात, आणि लोंढा आला की तक्त्यात जागाच उरत नाही. सा.ची सगळी इमारत न थांबण्यावर उभी होती. तो एक खांब काढला की वरचं खाली येतं.

दोन खण करायचे. एका खणातल्या जागा थांबलेल्या असताना दुसऱ्यातल्या वापरायच्या. बरं चालेल. पण ते माझं आहे, त्याचं नाही.

२१ सप्टेंबर

तिसरी आवृत्ती पाठवली. सा.च्या निम्म्याहून जास्त ओळी गेल्या.

बाजारात सीताफळं आलीत. त्याला आवडायची, बिया थुंकत थुंकत बोलायचा. आईनं आणली होती, मी हात लावला नाही.

३० सप्टेंबर

काकांची बारीक सूचना. तक्त्यातल्या एकेका कप्प्याला सा.नं "जागा" असं नाव दिलं होतं, इंग्रजी अक्षरांत. काका म्हणतात, याचा अर्थ काय, सगळ्यांना कळेल असं इंग्रजी नाव द्या.

मागणी रास्त. बदललं. सगळीकडे एकदम बदलायला एक आज्ञा पुरते. ती दिली आणि उठून अंगणात जाऊन उभी राहिले.

८ ऑक्टोबर

पाचवी आवृत्ती तयार. वेग सा.च्यापेक्षा थोडा कमी, पण चुकत नाही. कितीही छळलं तरी चुकत नाही. चांगलं काम झालंय, हे मला कळतं. आनंद मात्र औषधालाही नाही.

शोधून पाहिलं. त्याची म्हणावी अशी एक ओळ शिल्लक नाही.

आता सही. रीत अशी की पॅचखाली ज्याची सही तो म्हणतो, हे मी लिहिलं, मी पाहिलं, माझी हमी. सहलेखक म्हणून नाव घालायचं तरी खाली त्याची सही हवीच. सा.ची सही पहिल्या पॅचवर आहे. ती उचलून इथे डकवायला मला क्षणही लागणार नाही. पण या ओळी त्यानं पाहिलेल्याच नाहीत.

काकांना विचारलं. मनात होतं, ते नाही म्हणतील आणि माझी सुटका होईल.

१० ऑक्टोबर

काकांचं उत्तर. "सही म्हणजे माणसाचा शब्द. तुम्ही त्याला ओळखत होता, मी नाही. तुम्ही ठेवलीत तर मी काढायला सांगणार नाही."

झाली का सुटका. गाठोडं परत माझ्याच डोक्यावर.

१२ ऑक्टोबर

माजलगावला गेले. सगळं सांगायचं ठरवूनच.

भाभी वाळली आहे. इद्दत संपत आली, मग भाऊ येऊन आष्टीला, माहेरी नेणार. अब्बा खाली मोटार गुंडाळत होते, आवाज येत होता. मी सांगितलं की त्यांच्या पॅचमध्ये चूक निघाली. वाटलं होतं चिडेल. ती म्हणाली, "कोन्ती चूक, नीट सांगा."

सांगितलं. एकाची जागा रिकामी झाली की लगेच दुसऱ्याला द्यायची नाही, जुनं बघणारे बाजूला होईपर्यंत थांबायचं असतं, तेवढं त्यांनी थांबू दिलं नाही.

ती म्हणाली, "म्हंजे मी इद्दतीत बसले तशी."

मी हा दाखला देणार नव्हते. माझ्या मनात तो कितीदा येऊन गेला होता आणि प्रत्येक वेळी मी त्याला हाकललं होतं. तिनंच दिला. वर म्हणाली, भावांनी आत्ताच एक स्थळ बघून ठेवलंय, कोणी बोलत नाही पण तिला समजतं. रडली नाही, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मग नावाचं सांगितलं. दोन वाटा आहेत भाभी. त्यांची सही ठेवली तर नाव राहतं, पण त्यांनी न पाहिलेल्या कामाखाली. काढली तर काम माझ्या नावानं जाईल. खाली आभारासारखी एक ओळ, मूळ कल्पना साजिदची. तीही राहीलच असं नाही, आत घेणाऱ्यानं घेताना गाळली तर. आणि त्यांचा पहिला पॅच जुन्या मेलांत राहील, न घेतलेला.

"तुमी मला ऱ्हाईल म्हनलं व्हतं."

"हो. म्हणाले होते."

खाली अब्बांनी मशीन थांबवलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांनी बघितलं न्हाई त्याच्यावर त्यांची सही नका करू ताई. लई चिडले असते."

मी हो म्हटलं. निघाले तर दारापर्यंत आली, उंबऱ्याच्या आतच थांबली.

"एक करा. पाठवताल त्या दिवशी मला सांगू नका."

२९ ऑक्टोबर

भाभी आष्टीला गेली, अब्बांचा फोन होता. घर खायला उठतं म्हणाले. मी येऊन जाईन म्हटलं. अजून गेलेले नाही.

पॅच तसाच पडून आहे. रोज उघडते, वाचते, बंद करते. काकांनी एकदाही आठवण केलेली नाही, त्यामुळे जास्तच लाज वाटते.

११ नोव्हेंबर

गावातून ऊसतोडीच्या गाड्या निघाल्यात. सकाळपासून हायवेवर ट्रॅक्टरांची रांग, वर भांडी, शेळ्या, माणसं. खिडकी लावून घेतली.

सा.ची सही काढली. कल्पनेची ओळ ठेवली. नाव नीट आहे ना ते अक्षर अक्षर बघितलं. लेखक म्हणून माझं नाव. पाठवला.

त्याला फोन करायला हात गेला होता. खरंच गेला होता.

१२ नोव्हेंबर

काकांचं उत्तर नाही. घेतील, न घेतील. घेतील असं वाटतं. ती ओळ ठेवतील की नाही कोण जाणे.

दुपारी भाभीचा फोन, आष्टीहून. तिकडचं सांगत होती. भावजय चांगली आहे, पाणी दोन दिवसांआड येतं. स्थळाबद्दल काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. मग म्हणाली, "तुमचं काय चाललंय ताई? काल काय केलं?"

म्हटलं, काही नाही. गोधड्या धुतल्या.

"बरं," म्हणाली. पण फोन ठेवला नाही. मलाही ठेवता येईना.