एक दात डावीकडे

सोमवार, ८ जानेवारी

चाव्या काढून घेतल्या! माझ्याच क्रेनच्या, माझ्याच खिशातून, माझ्याच थोरल्या मुलीने.

डॉक्टर म्हणाले, "चार महिन्यांत हात सुधारला, पाय सुधारला, आणि तोंड तर काय, कधी बिघडलंच नव्हतं." इथपर्यंत मी हसत होतो. मग म्हणाले, "पण डावीकडे यांचं लक्षच जात नाही. डोळे चांगले आहेत, मेंदूच त्या बाजूची दखल घेत नाही. पक्षाघाताच्या झटक्यानंतर काहींना होतं असं. गाडी चालवणं बंद." मी म्हटलं, "डॉक्टर, मला सगळं दिसतं." ते थोरलीकडे वळून म्हणाले, "हेच. कमी दिसतंय, हे यांना कळतच नाही."

वकिलाच्या वरताण माणूस! दिसतं म्हटलं तरी अडकलो, नाही म्हटलं तरी अडकलो.

बाराव्या वर्षी लोकांच्या गाड्या धूत होतो. आज तीन क्रेन आहेत. खड्ड्यात पडलेलं काहीही ओढून आणतो अशी ख्याती — आणि आज मलाच ओढून घरी आणलं.

बुधवार, १० जानेवारी

ऑफिसात बसलो. थोरली फोन घेते, गाड्या पाठवते. मी खुर्ची गरम करतो.

भिंत पातळ आहे आणि माझे कान तिखट. बाहेर एक ड्रायव्हर म्हणाला, "मालक आता फक्त बोर्डावर." दुसरा म्हणाला, "हळू बोल, त्यांना मुंगी शिंकलेली ऐकू येते." मी आतून ओरडलो, "मुंगीला म्हणावं, रुमाल धर!" सगळे हसले. मीही हसलो. मग मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो, बराच वेळ.

नव्या ड्रायव्हरने मोठी क्रेन बाहेर काढली. क्लच रडत होता. दुसरा गिअर टाकताना करकर दात खाल्ले तिने. मला इथे बसून दुखलं.

शुक्रवार, १२ जानेवारी

जेवताना मध्येच ही माझं ताट फिरवते. आणि काय आश्चर्य — पुन्हा भाजी! म्हटलं, "आज हात फारच सैल सुटलाय." हिने वाटी खाली ठेवली. उठून आत गेली. माझी चेष्टा हिला हल्ली झेपत नाही.

शनिवार, १३ जानेवारी

सौदा केला! सौद्यात मला अजून कुणी हरवलेलं नाही.

घोरपड पणाला लावली. घोरपड म्हणजे माझी रिमोटची गाडी. दोन वीत लांब, चार फुगीर टायर. पळत नाही, दगडांवर इंचाइंचाने चढते. मी आणि फ्यूज (चाळीस वर्षांचा दोस्त, इलेक्ट्रिशियन, म्हणून फ्यूज) रविवारी यार्डामागच्या दगडांच्या ढिगावर आपापल्या गाड्या चढवतो आणि पोरांसारखे भांडतो.

थोरलीला म्हटलं, ढिगावर दहा फाटकं लाव. दोन रिकाम्या ऑइलच्या बाटल्या म्हणजे एक फाटक. पाच उजव्या वळणावर, पाच डाव्या. बाटली हलली तर चालेल, पडली तर संपलं. २७ तारखेला दहाही पार केली तर चाव्या माझ्या, आणि ३० तारखेला डॉक्टरांसमोर तू माझ्या बाजूने भांडायचं. हरलो, तर वर्षभर चावीचं नाव काढणार नाही.

तिने फोन बाजूला ठेवला. मग हात पुढे केला. सोडायच्या आधी म्हणाली, "बाटल्या मी मांडणार हं, बाबा." माझीच पोरगी!

रविवार, १४ जानेवारी

उजवी पाच अलगद. डावी पाच — पाचही आडवी! घोरपड डावीकडे वळतच नाही.

फ्यूज म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं."

म्हटलं, "मग अंगण सरळ करून घेतो. घरात कानस आहे."

मंगळवार, १६ जानेवारी

स्टिअरिंग उघडलं. सर्व्हो म्हणजे काडेपेटीएवढी मोटर, पण चाकं तीच वळवते. तिच्यापासून चाकापर्यंत जाणारा रॉड कंपनीने कसला दिलाय — दात कोरायची काडी! फेकला. सायकलचा स्पोक कापला, दोन्ही टोकांना आटे पाडले आणि मूळ मापापेक्षा अडीच मिलिमीटर लांब ठेवला. चाकं आता डावीकडे जास्त जातात.

डावी दोन पार.

गुरुवार, १८ जानेवारी

चाक डावीकडे वळताना एका ठोकळ्याला अडायचं. ठोकळा घासला. फार घासला तर आतला सांधा टिकटिक करू लागतो, मग तुटतो. टिकटिक सुरू होईपर्यंत घासत गेलो आणि एक पत्र्याचा तुकडा घालून तेवढं मागे आलो. माप घ्यायला पट्टी कशाला, कान आहेत की.

डावी तीन.

शनिवार, २० जानेवारी

आठवडा उरला. अजून तीनच. दिवसभर कानस घेऊन काही ना काही घासत बसतो.

रविवार, २१ जानेवारी

फ्यूज म्हणाला, "अरे, स्टिअरिंग ठीक आहे. तुझंच..." आणि थांबला. म्हटलं, बोल. म्हणाला, "काही नाही. चहा सांग."

चाळीस वर्षांत या माणसाने एक वाक्य अर्धं सोडलं नव्हतं. शिव्या पूर्ण दिल्या, सल्ले पूर्ण दिले. आज अर्धं! मी त्याला हाकलून दिला. "पुन्हा यार्डात पाऊल टाकू नकोस" — असं म्हणालो मी.

तो गेल्यावर गेटची कडी किती तरी वेळ हलत होती.

मंगळवार, २३ जानेवारी

सापडलं!! सर्व्होच्या दांड्याला बारीक बारीक दात असतात. त्यावर जी पट्टी बसते ती काढली आणि एक दात डावीकडे सरकवून पुन्हा बसवली. इतकं साधं! आधी कसं सुचलं नाही?

दुसरी युक्ती माझी एकट्याची. टायर बाटलीला लागला की 'टक्' वाजतं. म्हणून डावीकडे दाबत जायचं, टक् आलं की केसभर उजवीकडे यायचं. हलली तर चालते, असं ठरलंच आहे! ठरवलं कुणी? मीच.

डावी चार.

गुरुवार, २५ जानेवारी

एका दाताने भागेना, दोन फार होतात. अर्धा दात सर्व्होत नसतो. मग रिमोटवर चाकं सरळ करायचं ट्रिमचं बटण असतं, ते डावीकडे पिळलं. दहापैकी नऊ. पुन्हा नऊ. पुन्हा नऊ.

राहिलेलं एक फाटक जिवावर उठलंय. परवा तेच पडलं तर? पुन्हा ती खुर्ची, ती पातळ भिंत. मी चौसष्ट वर्षांचा आहे. उरलेली वर्षं नुसतं बसून राहायचं कसं असतं, ते मला येत नाही. कुणी शिकवलंच नाही.

शनिवार, २७ जानेवारी

दहा!!

सगळे ड्रायव्हर जमले होते. शेवटच्या फाटकात बाटली डोलली — टक्, टक् — यार्डात श्वासाचा आवाज नाही — आणि उभी राहिली! नव्या ड्रायव्हरने शिट्टी मारली. थोरलीने चाव्या माझ्या हातावर ठेवल्या. तिचा हात गार होता. म्हणाली, "मंगळवारी डॉक्टर बघतील. तोवर हात लावायचा नाही. शब्द द्या."

दिला.

फ्यूज आला नाही.

रविवार, २८ जानेवारी

मोडला.

थोरली आणि ही नातेवाइकांकडे गेल्या. यार्ड बंद. मोठी क्रेन माझ्याकडे बघत उभी. शेडबाहेर काढली! क्लच असा सुटला की लोणी. सव्वा तास फिरलो, बाजाराच्या रस्त्याने गेलो, पुलावरून परत आलो. हात तेच, पाय तेच, मी तोच!

लोकांनी ओळखलं की! मागून, बाजूने, जागोजागी हॉर्न. मीही हात हलवला. एवढे महिने दिसलो नव्हतो, आनंद होणारच.

पुलाच्या अलीकडे एकदा खर्रर्र असा आवाज आला. मागची साखळी लोंबत असणार. थांबलो, उतरून मागे गेलो, आवळली. कुणीतरी ओरडत होतं, पण बाजारात कोण ओरडत नाही.

क्रेन जागच्या जागी लावली. कुणाला पत्ता नाही. आज ही ताट फिरवायला आली की म्हणेन, राहू दे, जिंकलो!

सोमवार, २९ जानेवारी

फ्यूजला फोन केला. म्हटलं, ये, चुकलो. लगेच आला. ऑफिसात चहा घेतला आणि घोरपड त्याच्या हातात दिली — चालव, बघ तरी काय केलंय!

चार हात गेली आणि टेबलाच्या पायावर आदळली. म्हणाला, "डावीकडे ओढतेय." म्हटलं, तुझा हात ओढतोय. त्याने पुन्हा नेली. पुन्हा पाय.

मग मी खडू घेतला. मोठ्या गाड्यांचंही आम्ही असंच बघतो: जमिनीवर सरळ रेघ, स्टिअरिंगवरचा हात काढायचा. भिंतीपर्यंत रेघ मारली, घोरपड तिच्यावर ठेवली, रिमोटवरच्या वळवायच्या चाकाला हात न लावता नुसती पुढे सोडली.

थोडी रेघेवर गेली. मग नाहीशी झाली.

खरंच! रेघ होती, फरशी होती, घोरपड नव्हती. म्हटलं, "गेली कुठे?" आणि मला ऐकू येत होती ती — मोटर घुरघुरत होती, टायर कशाला तरी घासत होते. अगदी जवळ! कान म्हणत होते, इथेच आहे. डोळे म्हणत होते, इथे काही नाही.

आवाजाच्या मागे मान वळवत गेलो. अजून. अजून. तेव्हा कुठे भिंत आली. कपाट आलं. घोरपड भिंतीला नाक लावून चढू बघत होती. आणि कपाटाला टेकून थोरली.

"कधी आलीस?"

"इथेच आहे, बाबा. तुम्ही रेघ मारायला लागलात तेव्हापासून."

डॉक्टरांशी वाद घालता येतो. खडूच्या रेघेशी काय घालणार? पंधरा दिवस मी ते यंत्र सुधारत नव्हतो. माझ्याएवढं वाकडं करत होतो.

फ्यूजने वाकून मोटर बंद केली.

मंगळवार, ३० जानेवारी, सकाळी सात

क्रेन आणि शेडची भिंत यांच्यामधल्या फटीत शिरलो. काल तिला काम नव्हतं, तिथे कुणी गेलेलं नाही. मान वळवून, पत्र्याला हात लावत चाललो. डावा आरसा नाही. दारापासून मागच्या चाकापर्यंत ओरखडा. त्यात निळा रंग. आमची एकही गाडी निळी नाही.

थोरलीला सगळं सांगितलं. चाव्या दिल्या. डॉक्टर नंतर. आधी बाजार, मग पूल — ती चालवणार, मी दारोदार विचारणार: निळी गाडी कुणाची, कुणाला लागलं तर नाही?