एक शेळी असती तर

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आठवडाभर पिठाच्या डब्यावर पडून होतं. रागावू नकोस. लिहायला बसले की शेळी ओरडते, ती गप्प झाली की कोंबड्या वाफ्यात शिरतात. शहर सोडून या टेकडीवर आलो त्याला तिसरं वर्ष सरत आलं, काम काही सरत नाही. गहू आमचा, भाजी आमची, दूध आमचं, मधसुद्धा आमचा. पाठ तेवढी आता माझी राहिली नाही.

एक गोष्ट लाजेनं सांगितली नव्हती. पाण्याची टाकी घराच्या खाली, उतारावर आहे. जन्मभर पाणीखात्यात पंप चालवलेला माणूस, आणि हे असं! त्यात पंप महिनाभर बंद. मोडलेला भाग विकत आणायचा नाही, आपणच बनवायचा, म्हणून हे रोज तासत बसतात. तोवर बादल्या मी वाहतेय. काल वाटेतच बादली ठेवली आणि खाली बसून रडले. कारण काही नाही गं. दमलेय.

तुझ्या मागच्या खोलीत जागा होईल का? ह्यांना मात्र यातलं काही सांगू नकोस. निवृत्त झाल्यावर नुसते भिंतीकडे बघत बसायचे. या जागेचा नकाशा काढला आणि माणसात आले. त्यांचं स्वप्न माझ्या तोंडून मोडायला नको.

तुझ्या मायेला आसुसलेली,
धाकटी


ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईंना, सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितोय म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला म्हणाल. म्हणा. हिला न सांगता लिहितोय. पंपाचा भाग तासतो, बसवतो, तासाभरात तुटतो. परवा फावड्यावर टेकून उभ्या उभ्या झोपलो.

सगळं सोडून शहरात परत यावंसं फार वाटतं. पण कुठल्या तोंडानं सांगू? पाच वर्षांपूर्वी दुधाच्या रांगेत ताटकळून आली तेव्हा ही म्हणाली होती, आपली एक शेळी असती तर! उभ्या संसारात तिनं मागितलेली ती एकच गोष्ट. घरसुद्धा टाकीच्या खालीच बांधणार होतो, पण वरून लांबवर दिसतं म्हणाली, म्हणून वर बांधलं. टाकी तेव्हा बांधून झाली होती. लोक हसले, हसू देत.

काहीतरी निमित्त काढून तिला चार महिने बोलवा. मी इथं रेटेन कसंबसं. लोभ आहे म्हणूनच हे मागतोय.

आपला,
पंपवाला


ता. २० फेब्रुवारी

चि. धाकटीस आणि चि. पंपवाल्यांस, अनेक आशीर्वाद.

धन्य आहात दोघं! एका चुलीपाशी जेवता आणि बोलायला टपालखातं लागतं. दोघांनाही वाटतं मी गप्प राहावं. अहो, सत्तर वर्षांत मला ते कधी जमलंय? तुमची पत्रं सोबत घातलीत. एकमेकांची वाचा.

खोली झाडून ठेवलीय. यायचं की राहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण या खेपेला विचारून. मला काही तुमचा राग नाही, वाईट मात्र फार वाटलं.

माझा लोभ न मागता मिळतो, तो घ्या.

ताई


ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्रं वाचली. ह्यांनी माझं दोनदा वाचलं, चष्मा पुसून.

ताई, खरं सांगू? शेळीचं ते बोलणं मला आठवतच नाही. पाय दुखत असतील, म्हणाले असेन काहीतरी. तेवढ्यावर या माणसानं टेकडी खणली! हे म्हणाले, मग नकाशाचं एवढं कौतुक का केलंस? मी म्हटलं, कितीतरी महिन्यांनी तुम्ही हसला होतात, म्हणून.

सोमवारी येतोय, दोघंही. जनावरं खालच्या वस्तीवरची सुतारीण नेणार आहे. जागेचं पुढं बघू.

आत्ता अंगणात बसून लिहितेय. पाणी भरायचं राहिलंय, चूल विझलीय, आणि हे शेजारी बसलेत. आमच्यातलं एक बसलं की दुसऱ्यानं उठायचं, असंच चाललं होतं. तीन वर्षांत दोघं एकदम बसलोय ते आज.

भेटीपर्यंत माया असू दे.

धाकटी